तीनशे रुपयांची कबुली

संपादकांचे पत्र आले की, 'कोर्टातल्या गमतीजमती लिहा. दिवाळी अंक आहे, घरोघरच्या मंडळींची चार घटका करमणूक व्हावी.' गमती माझ्यापाशी कमी नाहीत. शिरोळ तालुक्यात चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाने मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या आवारात बांधलेली म्हैसही पाहिलेली असते, आणि उलटतपासणीच्या धसक्याने बापाचे नाव विसरलेला साक्षीदारही पाहिलेला असतो. पण या खेपेस लिहायला बसलो आणि म्हशीऐवजी एक तीनशे रुपयांची पावतीच डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली. ती काही केल्या हलेना. तेव्हा आधी तिचीच हकीकत सांगून टाकतो. म्हशीची गोष्ट पुढच्या वर्षी.

आमचे गाव पुण्या-मुंबईच्या वाचकांना बहुधा नरसोबाच्या वाडीमुळे ठाऊक असते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुकांचे दर्शन घ्यायला येणारी मंडळी जयसिंगपूरला गाडीतून उतरतात, शिरोळवरून वाडीला जातात आणि परतताना पेढे नि कवठाची बर्फी घेऊन जातात. वाटेत दोन्ही अंगांना त्यांना ऊस दिसतो. हा ऊसच आमचे लग्नकार्य, आमचे राजकारण आणि आमचे कोर्टही चालवतो असे म्हटले तर ते फारसे खोटे नाही. दसरा झाला की कारखान्यांचे बॉयलर पेटतात, आणि त्याच सुमारास दरावरून आंदोलनेही पेटतात. रस्ते अडवले जातात, टायर जळतात, पोलिसांची गाडी येते आणि दहा-वीस जणांना भरून घेऊन जाते.

२०११ सालच्या अशाच एका गाडीत तो पोरगा होता. वय बावीस. इचलकरंजीला यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी घरी परतत होता. चौकात रस्ता अडवलेला, म्हणून गाडी बाजूला लावून टपरीवर चहा प्यायला थांबला. धरपकड झाली तेव्हा हातात कप होता. एकूण अकराजणांवर बेकायदा जमाव जमवल्याचा आणि रस्ता अडवल्याचा खटला झाला. अकराही जणांचे वकीलपत्र माझ्याकडेच आले.

खटला म्हणजे तारखा. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर, कधी अकरांपैकी एकजण गैरहजर. दर तारखेला या पोराची पाळी बुडे आणि पाळी बुडाली की मजुरी बुडे. अशी दोन वर्षे गेल्यावर २०१३ साली एके दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात त्याने मला गाठले.

"साहेब, गुन्हा कबूल केला तर किती दंड पडंल?"

"पडेल शे-दोनशे, फार तर पाचशे," मी म्हणालो.

"मग करून टाकतो की. एवढे पैसे तर माझे दोन तारखांत जात्यात."

त्या वेळी माझ्या हातात दुसऱ्या खटल्याचे कागद होते आणि पुकारा व्हायची वेळ झाली होती. मी मान हलवली. वाचकहो, माझी चूक ती एवढीच. पण तिचा आकार किती होता, ते मला पुढे तीन वर्षांनी कळले.

न्यायाधीशांनी विचारले, "गुन्हा कबूल आहे?" तो म्हणाला, "व्हय साहेब." तीनशे रुपये दंड झाला. त्याने पैसे भरले, पावती घडी करून खिशात ठेवली आणि सुटलो एकदाचा म्हणून त्याच टपरीवर मला चहा पाजला. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

२०१६ साली तो पुन्हा आला तेव्हा बरोबर त्याची आई होती. एका सरकारी खात्यात चालकाच्या जागेसाठी त्याची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात 'आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?' असा रकाना होता. पोरगा प्रामाणिक; त्याने खरे ते लिहिले. निवड रद्द झाल्याचे पत्र घेऊन दोघे माझ्यापुढे बसली होती.

"बाकीच्या धाजणांचं काय झालं, साहेब?" त्याने विचारले.

बाकीच्या दहाजणांचा खटला मध्यंतरी सरकारने मागे घेतला होता. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले काढून घेण्याचे निर्णय शासन अधूनमधून घेत असते. परंतु जो खटला चालू आहे, तोच मागे घेता येतो. ज्याचा निकाल लागून दंडही भरून झाला, त्यात मागे घ्यायला उरते काय? रस्त्यावर टायर टाकणारे दहाजण कोरे करकरीत सुटले होते, आणि चहा पिणारा एकटा गुन्हेगार ठरला होता.

"मग आपण वरच्या कोर्टात अपील करू या," तो म्हणाला. "मी तिथं नुसता चहा पीत हुतो, हे तुमास्नी ठावं हुतं की."

ठाऊक होते. म्हणून तर त्या वाक्यानंतर माझ्याने त्याच्या आईकडे पाहवेना.

आता अपील म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. खालच्या कोर्टाचा न्यायाधीशही माणूसच. त्याच्या हातून चूक होऊ शकते, हे कायद्याने स्वतःच मान्य करून ठेवले आहे. म्हणून वर एक दार ठेवलेले असते: तिथे जाऊन साक्षीपुरावा पुन्हा तपासून घेता येतो. पण ज्याने आपल्या तोंडाने गुन्हा कबूल केला, त्याच्यासाठी ते दार जवळजवळ लागलेले असते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७५व्या कलमात तसे स्पष्ट लिहिले होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१६व्या कलमातही तेच आहे. तालुक्याच्या कोर्टात कबुली दिली असेल तर फार तर शिक्षा जास्त झाली किंवा ती बेकायदा आहे, एवढ्यापुरते वर भांडता येते. 'मी गुन्हा केलाच नव्हता' हे वाक्य उच्चारायला तिथे जागा नसते. आणि तीनशे रुपये दंड काही जास्त नव्हता!

मुंबईला उच्च न्यायालयात वेगळ्या वाटेने काही करता येते का, असा विचार मी केला. त्या वाटेत विलंब, खर्च आणि 'तुम्ही त्या वेळी कबूल का झालात?' हा बिनउत्तराचा प्रश्न, असे तिन्ही अडथळे होते. मुंबईचा वकील, महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या रात्री आणि तिथला मुक्काम यांचा हिशेब मी मांडून दाखवताच त्याची आई उठली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वकीलदादा. तीनशे रुपयाला पोराचं नाव इकलं म्हनायचं." तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

त्या दिवसापासून मी या विषयाचा पिच्छा पुरवला. माझ्या अशिलाची होती ती साधी कबुली. तिला एक धाकटा, पण अधिक शिकलेला भाऊ आहे. त्याचे नाव प्ली बार्गेनिंग. आपण त्याला कबुलीचा सौदा म्हणू. साध्या कबुलीत आरोपी मान खाली घालतो आणि मिळेल ती शिक्षा घेतो. सौद्यात सरकारी पक्ष, आरोपी आणि ज्याचे नुकसान झाले तो, असे सारे एकत्र बसतात, भरपाई ठरते, त्या बदल्यात शिक्षेत सवलत मिळते.

आपल्याकडे हा सौदा पूर्वी निषिद्ध होता, आणि त्याची पहिली गाजलेली हकीकत महाराष्ट्रातलीच आहे. खुरासणीच्या तेलात शेंगतेलाची भेसळ केल्याचा खटला होता. आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि खालच्या कोर्टात ते किरकोळ शिक्षेवर सुटले. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली, आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ कायम केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, पैसेवाला आरोपी आतल्या खोलीत सौदा ठरवतो आणि तुरुंग टाळतो, अशा आशयाचे कडक ताशेरे ओढले. पुढे १९८० साली गुजरातच्या एका खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी दुसरी बाजू दाखवली. ते म्हणाले की अशाने निरपराध माणूसही लांबलचक खटल्याच्या जाचाला कंटाळून कबुली देईल. सबब असा सौदा घटनेला धरून नाही. म्हणजे श्रीमंत अपराधी त्यातून सुटतो आणि गरीब निरपराधी त्यात अडकतो. दोन निकालांनी नाण्याच्या दोन बाजू दाखवल्या. माझा पोरगा दुसऱ्या बाजूचा.

मग मत बदलले कशाने? खटल्यांच्या ढिगाने. विधी आयोगाने १९९१ सालापासून आपल्या अहवालांत सौद्याची शिफारस केली. वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत पडून राहणाऱ्यांना तरी वाट मिळेल, असा त्यातला चांगला हेतू होता. अखेर संसदेने कायदा केला आणि तो ५ जुलै २००६ पासून अमलात आला. आज देशाच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. एवढ्या गर्दीत जो कुणी 'मी आपणहून बाजूला होतो' म्हणेल, त्याला सवलत द्यावी, हा व्यवहारही समजण्यासारखा आहे.

कायद्याने कुंपणेही घातली. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपेक्षा अधिक शिक्षा आहे, तिथे हा सौदा चालत नाही. स्त्रिया आणि बालके यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांत चालत नाही. त्याच गुन्ह्यात पूर्वी शिक्षा झालेल्याला तो मिळत नाही. आणि सारे जमत असले तरी न्यायाधीश नाही म्हणू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या पैशांच्या अपहाराबद्दल मुंबईत खटला चाललेल्या एका कर्मचाऱ्याने असा अर्ज केला होता. भ्रष्टाचारासारख्या गंभीर आरोपात ही सवलत देता येणार नाही म्हणून २००७ साली विशेष न्यायालयाने तो फेटाळला.

पण वाचकहो, सगळ्यांत महत्त्वाचे कलम शेवटी शेवटी येते आणि ते कोणी वाचत नाही. जुन्या संहितेत ते २६५-जी होते, नव्यात २९५ आहे. त्याचा अर्थ असा की, सौद्यावर दिलेला निकाल अंतिम. त्यावर कोणत्याही न्यायालयात अपील नाही. साध्या कबुलीत शिक्षेपुरती उरलेली फटही इथे बुजते. उरतात दोनच वाटा. राज्यघटनेच्या २२६ आणि २२७व्या अनुच्छेदांखाली उच्च न्यायालयाकडे रिट अर्ज, किंवा १३६व्याखाली सर्वोच्च न्यायालयाकडे खास परवानगी. या वाटा आपत्काळाच्या आहेत. 'माझी कबुली जबरदस्तीची होती', 'मला न समजवता सही घेतली', अशासारख्या मोठ्या दोषासाठी त्या आहेत. रोजच्या वर्दळीसाठी नव्हेत.

मी आडबाजूच्या गावचा वकील. मला वाटे, हे दुखणे आमच्यासारख्या गरीब मुलखातले असेल. पण अमेरिकेत तर हा रिवाजच आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका निकालात नमूद केले की, संघराज्याच्या न्यायालयांत दोषी ठरणाऱ्या शंभरांतले ९७ आणि राज्यांच्या न्यायालयांत दोषी ठरणाऱ्या शंभरांतले ९४ आरोपी कबुलीवरच दोषी ठरतात. पुष्कळदा करारातच 'मी अपिलाचा हक्क सोडतो' असे कलम असते. आयडाहो राज्यातल्या एका आरोपीने अशा कागदांवर सह्या केल्या आणि मग वकिलाला सांगितले, 'तरीही अपील दाखल करा.' वकिलाने केले नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चूक वकिलाची. अशिलाने सांगितल्यावर अपील दाखल करणे हे त्याचे काम होते, कारण असा कागद झाला तरी तो साऱ्याच तक्रारी बंद करत नाही. तो निकाल वाचताना माझे कान गरम झाले. ज्यांची मुले तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. परदेशी माणसाने तिथे दिलेली कबुली त्याला देशाबाहेरही काढू शकते, आणि हे आधी सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे, असे त्याच न्यायालयाने २०१० साली ठरवले आहे.

आपल्या देशातलेही एक उदाहरण पाहा. २०२० साली करोनाच्या दिवसांत दिल्लीतल्या धार्मिक मेळाव्याला आलेल्या शेकडो परदेशी लोकांवर खटले झाले. बहुतेकांनी कबुलीचा सौदा केला, दंड भरला आणि ते मायदेशी गेले. दूर देशी अडकलेल्या माणसाला घरी पोचण्याची केवढी ओढ असते, ते कोणीही समजू शकेल. चव्वेचाळीस जणांनी मात्र खटला लढवण्याचे ठरवले. त्यांतल्या आठांना ऑगस्टमध्ये आरोपच ठेवण्याजोगा पुरावा नाही म्हणून सोडण्यात आले, आणि उरलेले छत्तीस डिसेंबरात निर्दोष ठरले. एकालाही शिक्षा झाली नाही. अकरा आणि दहा या आकड्यांच्या आठवणीने मी त्या बातमीचे कात्रण अजून जपून ठेवले आहे.

एवढे वाचून कुणाला वाटेल की हा वकील कबुलीच्या सौद्याच्या विरुद्ध आहे. तसे नाही. माझ्याच हातून झालेला एक सौदा सांगतो, म्हणजे नाण्याची तिसरी बाजूही दिसेल.

२०२५च्या जानेवारीतली गोष्ट. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर रात्री रस्त्याच्या कडेने चालला होता. मागच्या ट्रॉलीला ना दिवा, ना चमकपट्टी. चालकाने मागे न बघता वळण घेतले आणि मोटारसायकलवरून दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे एक गृहस्थ खाली आले. पाय दोन ठिकाणी मोडला. सहा महिने धार काढायला बसता आले नाही. चालकाचे वय तेवीस. पहिल्या दिवसापासून तो एकच वाक्य म्हणत होता, "चूक माझीच हाय, साहेब."

आता अशा दुखापतीच्या आरोपात कोर्टाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, आणि तडजोड झाली की आरोपी त्या आरोपातून निर्दोष सुटतो. साहजिकच मी आधी दूधवाल्या आण्णांकडे तो निरोप घेऊन गेलो. खाटेवर पाय लांब करून ते बसले होते. माझे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "वकीलसाहेब, पैशाचं बगू. पर मिटवामिटवी न्हाई. माझा पाय त्येच्या हातनं मोडला हे त्येनं कोर्टात उभं ऱ्हाऊन म्हनावं. मग मी तुरुंगात घाला म्हनून हट्ट धरनार न्हाई."

या मागणीला कायद्यात जागा होती, ती नेमकी कबुलीच्या सौद्याची. भरपाईही आणि दोष मान्य करणेही. पण या खेपेस मी घाई केली नाही. दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. त्यातले सहा दिवस मी केवळ समजावण्यात घालवले. पोराला, त्याच्या आईला आणि मामांना माझ्या घरी बोलावले. सोप्यात बसवून कागद वाचून दाखवला. मग पोराला म्हणालो, "आता मी काय वाचले ते तू मला सांग."

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "सही केली की केस मिटली."

"मिटली नाही. केस संपली, आणि तू दोषी ठरलास."

दुसऱ्या खेपेस म्हणाला, "म्या दोषी ठरलो, पर जेल न्हाई."

"ते न्यायाधीश ठरवतील. आणि पुढे?"

तिसऱ्या खेपेस त्याची आईच बोलली. "पुढं वरच्या कोर्टात जायाचं न्हाई. नंतर कुनी म्हनालं की ट्रॉलीवाल्याची चूक हुती, मालकाची चूक हुती, तरी परत भांडाया मिळनार न्हाई. असंच न्हवं का, दादा?" शाळेची चौथी इयत्ताही न पाहिलेल्या त्या बाईने कलम २९५ असे एका दमात सांगितले. मग मी पोराला शेवटचा प्रश्न विचारला, "हे सगळे बाजूला ठेव. वळताना तू मागे पाहिले होतेस का?" तो म्हणाला, "न्हाई." मी म्हणालो, "मग कर सही."

कोर्टात अर्ज गेल्यावर न्यायाधीशांनी समोरच्या पक्षाला बाहेर थांबायला सांगून पोराला एकट्याला विचारपूस केली. कायदाच तसे सांगतो. अर्ज स्वखुशीचा आहे, शिक्षेचे स्वरूप समजलेले आहे, असे प्रतिज्ञापत्र त्याने दिलेले असते. ते खरे आहे का, हे न्यायाधीशाने स्वतः पडताळायचे. मीही बाहेरच उभा राहिलो. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "कुनी दम दिलाय का, कुनी पैशे देतो म्हनलंय का, ते इचारलं. वकिलानं सांगितलं म्हनून करतोयस का, ते बी इचारलं."

"मग काय सांगितलेस?"

"म्हनलं, वकील तर धा दिवस झाले सही करू नगो असंच सांगायल्यात."

पुढे दोन्ही पक्ष सरकारी वकिलांसह बसले. साठ हजार रुपये भरपाई ठरली. निम्मी पोराने आपल्या आणि मामांच्या पैशातून दिली, निम्मी ऊस वाहतुकीच्या ठेकेदाराकडून आली. विम्याच्या भरपाईचा दावा आण्णांनी वेगळा केला होता, तो चालूच राहिला. शिक्षेचा प्रश्न आला तेव्हा मी कायद्याची दोन पाने पुढे केली. ठरावीक किमान शिक्षा नसलेल्या अशा गुन्ह्यात सौद्यावर कमाल शिक्षेच्या चौथ्या हिश्श्याइतकी शिक्षा देता येते. नव्या संहितेप्रमाणे पहिल्याच गुन्ह्यासाठी ती सहाव्या हिश्श्यावर आणता येते. तीन वर्षांचा सहावा हिस्सा म्हणजे सहा महिने. पण त्याहून मोठी सवलत दुसऱ्या पानावर होती. १९५८ सालचा अपराधी परिवीक्षा कायदा. त्याखाली न्यायालय चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेऊन आरोपीला सोडू शकते. त्या कायद्याच्या १२व्या कलमाने दोषसिद्धी पुसली जात नाही, परंतु तिच्यापायी कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. न्यायाधीशांनी एक वर्षाचा बाँड लिहून घेतला.

निकाल ऐकून दूधवाले आण्णा काठी टेकत पोरापाशी आले. म्हणाले, "फुडच्या टायमाला मागं चमकपट्टी लाव बाबा." बस, एवढेच. माझ्या चाळीस वर्षांत इतका समाधानाने संपलेला खटला दुसरा नाही. आणि त्यात माझ्या अशिलाला दोषी ठरवण्यात आले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो १९५८चा कायदा २०१३ सालीही होता. चहा पिणाऱ्या पोरासाठी मी तेव्हा दोन ओळींचा अर्ज केला असता, तर कदाचित त्याच्या चारित्र्याच्या रकान्यापुढे मला काही म्हणायला जागा राहिली असती. आणि त्याआधी एक प्रश्न विचारला असता, 'तू तिथे नव्हतास ना?' तर अर्जाचीही गरज पडली नसती.

२०२५ सालच्याच पावसाळ्यात आमच्या भागात एक मोठी गोष्ट घडली. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज चालू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हापासून आम्हांला वरच्या न्यायासाठी मुंबईच गाठावी लागे. या खंडपीठासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ मोर्चे काढले, उपोषणे केली, कामे बंद ठेवली. मीही त्या मोर्चांत काळा कोट घालून उन्हात चाललो आहे. आज शिरोळचा माणूस सकाळी भाकरी बांधून एस.टी.ने निघाला तर वरच्या कोर्टाचे काम आटोपून संध्याकाळी घरी येऊ शकतो.

उद्घाटनाच्या गर्दीत उभा असताना आनंद होताच. पण मनात एक हिशेब चालू होता. हे दार शेजारी यावे म्हणून आम्ही चाळीस वर्षे भांडलो, आणि त्या व्हरांड्यात उभे राहून मी एका पोराचे तेच दार एका मान हलवण्यात लावून टाकले होते. अपिलाचा हक्क किती महाग असतो, हे त्याच्यासाठी मोर्चे काढणाऱ्याला नेमके त्या क्षणी आठवले नाही.

शहरातल्या वाचकांना वाटेल, आमचा कोर्टाशी काय संबंध? देव करो आणि न येवो. पण मुलाच्या गाडीला कोणी धडकते, सोसायटीच्या भांडणात हमरीतुमरी होते, कॉलेजच्या मोर्चात नाव गोवले जाते. मग कोणीतरी शहाणा सांगतो, 'दंड भरून मोकळे व्हा. कशाला तारखा घालता?' त्या वेळी एवढेच करा. वकिलाला थांबवून विचारा: ही तडजोड आहे, साधी कबुली आहे, की कबुलीचा सौदा? यानंतर दोषी म्हणून नाव लागणार का? अपील उरणार का? परिवीक्षेचा बाँड मागता येईल का? आणि वकिलाला विचारून झाले की मुलाला एकट्याला घेऊन बसा आणि विचारा, 'तू हे केलेस का?' केले असेल तर सौद्यात कमीपणा नाही. उलट चूक मान्य करून माणूस हलका होतो. केले नसेल, तर तारखा कितीही पडोत, कबुली देऊ नका. मजुरी बुडते ती पुन्हा मिळवता येते.

तो चहावाला पोरगा आज गावातच ट्रॅक्टर-दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. हात फार चांगला आहे, चार माणसे हाताखाली आहेत. सौदा झाल्यावर त्या तरुण चालकाला मी त्याच्याकडेच पाठवले. त्याने ट्रॉलीच्या मागे लाल चमकपट्ट्या लावून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. मी कारण विचारले, तर म्हणाला, "त्येची केस नीट झाली म्हनं, साहेब. म्हनून."

गॅरेजच्या भिंतीवर, दत्ताच्या तसबिरीखाली, त्याने ती तीनशे रुपयांची पावती काचेत बसवून लावली आहे. कोर्टाचा समन्स घेऊन जो कोणी त्याच्याकडे येतो, त्याला तो आधी ती दाखवतो आणि मग माझ्याकडे पाठवतो.